बेअरिंग ६२०५

श्रुतिका, तुझी दोन्ही ऑफर लेटरं वाचली.
दुसऱ्यावर तर्रीचा थेंब पडला, त्याला इलाज नाही,
गोकुळपेठेत उभ्याने पोहे खाताना
कागद कुणी हातात देतं का?
"मावशी, कोणतं घेऊ? टेक्नॉलॉजीचं का मॅनेजमेंटचं?"
आठ वाजलेत, ऊन कानशिलावर आलंय,
आणि तू विचारून राह्यली.

पगारात फरक आहे, तो तू मोजलाच असशील.
मॅनेजमेंटवाले विमानतळावरून थेट डायरेक्टरच्या केबिनमध्ये जातात.
तिथे एसी, तिथे काजू.
आम्ही गेटवरच्या वहीत लॅपटॉपचा नंबर लिहितो
आणि सर्व्हर रूमशेजारी बसतो,
ज्या कूलरमध्ये पाणी भरायचं काम कुणाचंच नसतं, त्याच्यासमोर.
ते सहा आठवड्यांत परततात.
आम्ही चौदा महिने राहतो,
कँटीनवाल्याच्या मुलीच्या साखरपुड्याला जातो.
त्यांना 'का'चे पैसे, आम्हाला 'कसं'चे,
असं मीही कॉलेजात सांगत फिरायचे.
टाळ्या पडायच्या.

बुटीबोरीच्या कापड गिरणीत आम्ही दोघं एकाच वेळी होतो,
मी आणि प्रद्योत वासेकर, माझाच बॅचमेट,
अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधला.
त्याची एकतिसावी स्लाइड:
दोन चौकोन, एक बाण, मग एकच चौकोन.
स्टोअर्स दोनाऐवजी एक.
खाली बारीक अक्षरात, चार पदं.
त्याने मला विचारलं, बाण कोणत्या निळ्यात?
मी म्हटलं, गडद घे.

स्टोअर नंबर दोनमध्ये देवाजी उरकुडे बसत.
चष्म्याला दोरी, पुढ्यात रजिस्टर.
तीन महिने ते सांगत गेले, मी भरत गेले,
एकोणीस हजार वस्तू,
बोल्टसुद्धा आडनावासकट.
"हे सहा दोन शून्य पाच. पण मॅडम,
लूम अकरा रडते म्हणून हे बदलाचं नाही बाप्पा,
तिचं दुखणं अलग हाय."
मग त्यांनी दुखणं सांगितलं
आणि मी ते जसंच्या तसं टाईप केलं.
वर्णनाला जागा चाळीस अक्षरांची,
काना, वेलांटी, अनुस्वार सगळे धरून.
त्यापुढे मी जे टाईप केलं
ते सिस्टिमने न बोलता गिळलं.
मी पुढच्या वस्तूवर गेले होते.

एकतीस मार्चच्या रात्री प्रद्योतच्या मेलला जोडलेली यादी आली.
कर्मचारी मास्टरमध्ये चार ओळी.
सक्रिय खोडून निष्क्रिय.
आधी चाचणीच्या सर्व्हरवर, नियमाप्रमाणे,
मग खऱ्या.
एरर आली नाही.

प्रद्योत आता पार्टनर आहे.
दिवाळीआधी फोन करतो, संत्रा बर्फी पाठव म्हणतो.
मी पाठवते. वाईट माणूस नाही तो.
मीही नाही, असं धरून चालते.

मागच्या मंगळवारी रात्री गिरणीतून फोन.
आवाज नवा, तुझ्याच वयाचा.
"मॅडम, लूम अकरा लय रडून राह्यली.
दोनदा बेअरिंग बदललं. स्क्रीनवर तुमचं काहीतरी लिवलं हाय."
वाच, म्हटलं.
त्याने वाचलं:
लूम ११ रडते. बेअरिंग बदलू नका, आधी मागच्
"मागच् काय मॅडम? च चा पाय मोडला इथं."

बघते, म्हणाले मी.
उरकुडेंचा नंबर आहे माझ्याकडे.
सहा दिवस झाले, रोज काढते,
रोज स्क्रीन आपोआप विझते.

पोहे गार झाले तुझे.
दोन्ही लेटरं ठेव जपून, शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना?
तू मेकॅनिकल आहेस, तूच सांग मला,
मागच्या
काय असेल?